टोप निवडणारा माणूस

लालबागच्या भांड्यांच्या दुकानात तो माणूस पितळी टोप बघत होता. बघत कसला, ऐकत होता. पन्नाशीचा, लेंगा-सदऱ्यातला, गिरणीतली पाळी संपवून आलेला, केसांत अजून कापसाचे तंतू. एकेक टोप मांडीवर आडवा घ्यायचा, बुडावर बोटं मारायचा आणि मान हलवून परत करायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही मित्र राजमाचीवर मुक्कामाला निघालो होतो, म्हणून मी शेजारी अ‍ॅल्युमिनियमचे हलके टोप एकात एक बसवून पाहत होतो. पण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे.

“चीर नाही हो कुठल्याच टोपाला,” दुकानदार वैतागला.

“चीर कोण बघतंय?” तो म्हणाला.

मला राहवलं नाही. “कुठे निघालात?”

“दिल्लीला, सत्याग्रहाला. तंबूत ऱ्हायचं, हातानं रांधून खायचं. सैपाक माझ्याकडं हाय.”

“मग हा न्या. वजनाला हलका आहे.” मी माझ्या हातातला टोप पुढे केला. त्याने भिडेखातर त्यावरही बोटं मारली.

“भात ह्यात बी शिजंल,” तो म्हणाला. “पर मागच्या मोर्च्यात पोलिसांनी माझा डफ फोडला. टोप कोण फोडंल?”

अखेर एक जाड बुडाचा टोप घुमला. तो त्याने काखेत धरला, अगदी डफ धरतात तसा, आणि गेला.

दिल्लीत त्या टोपात भात किती शिजला आणि त्यावर गाणी किती झाली, मला कधी कळलं नाही. आमचे टोप मात्र राजमाचीवर नुसता भात शिजवून परत आले.