जीपमधल्या जागांवरचा निबंध

निबंधांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला की मी आजही आधी तो लांब सरकवतो. मी बीड जिल्ह्यातल्या केजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती विभागप्रमुखांच्या मर्जीवर. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला वीस मार्कांचा एक निबंध असतो, मुलांनी स्वतः लिहायचा. स्वतः म्हणजे फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्वतः जाऊन आणायचा. तिथं सगळे विषय तयार असतात. वरचं पान बदललं, आपलं नाव टाकलं, स्पायरल मारली की झालं. एकदा मिसरूड फुटलेल्या एका पोराच्या ऋणनिर्देशात मी वाचलं, 'हे लेखन पूर्ण करताना माझे पती आणि सासूबाई यांची मोलाची साथ लाभली.' त्याला बोलावून तेवढंच मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं न अडखळता वाचलं आणि म्हणाला, "सर, ते सगळ्यांच्यात तसंच हाय." खरंच होतं. त्या गठ्ठ्यात अकरा पोरांना सासूबाईंची साथ लाभली होती. ऐकणारे हसतात. मला हसू आलं नाही, शिसारी आली.

बरं, हे निबंध रचलेले तरी कसे? आमच्याकडच्या सत्कार समारंभासारखे. आधी दीपप्रज्वलन, मग मान्यवरांची नावं, मग शाली आणि हार, आणि ज्या कामासाठी माणसं जमली ते काम शेवटच्या पाच मिनिटांत, जेवणं थंड होतायत म्हणून उरकलेलं. निबंधातही पहिल्या पानावर थोरांचे विचार, मग चार व्याख्या, मग वैदिक काळ, मग महत्त्व, फायदे, तोटे, आणि सरतेशेवटी 'सारांश, असे म्हणता येईल की'. काय म्हणता येईल त्याचा पत्ता कुठंच नाही. विभागप्रमुखांना हाच साचा पसंत होता. ते पानांची जाडी अंगठ्यानं चाचपून मार्क देत. निबंध वाचताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

त्या वर्षी मी वर्गात चिडूनच सांगितलं. आधी एक प्रश्न घ्या, एका ओळीत मावणारा, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला अजून ठाऊक नाही असा. मग जे जे बघाल, वाचाल, ते चिठ्ठ्यांवर लिहा, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठ्या बाकावर मांडा, हलवा, कशानंतर काय येतं ते बघा. प्रश्नाशी संबंध नसलेली चिठ्ठी कितीही आवडती असली तरी काढून टाका. तुमचं म्हणणं खोडणारी चिठ्ठी मात्र लपवू नका, तिला मोठी जागा द्या. आणि प्रास्ताविक सगळ्यात शेवटी लिहा, कारण आपण काय सांगितलं ते तेव्हाच आपल्याला कळलेलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग लावली.

एका मुलीनं मात्र ऐकलं. ती रोज गावाकडून जीपनं यायची. तिचा प्रश्न होता, जीपमध्ये बायका मागंच का बसतात? पंधरा दिवस तिनं कोण कुठं बसलं ते टिपलं. तिला वाटलेलं, ड्रायव्हर बसवतो म्हणून. पण चिठ्ठ्या मांडल्यावर दिसलं की बायका आधी येऊन, जीप रिकामी असतानाही आपणहून मागं जातात. कारण पुढं बसलं आणि कुणी बाप्या आला तर उठावं लागतं, आणि चारचौघांत उठण्यापेक्षा मागचे धक्के बरे. एकच चिठ्ठी उलट जात होती. हातात रजिस्टर घेऊन येणारी एक अंगणवाडीची बाई रोज पुढं बसायची आणि तिला कुणी उठवायचं नाही. मुलीनं ती चिठ्ठी बरोबर निबंधाच्या मधोमध ठेवली होती. सहा पानं, एक वाक्य फालतू नाही. वाचून मी स्टाफरूममध्ये एकटाच खूश होऊन बसलो होतो.

तिला एम.ए.ला पुण्याच्या एका संस्थेत जायचं होतं. तिथं फॉर्मबरोबर स्वतः लिहिलेला निबंध मागत आणि त्यावरूनच मुलाखतीला बोलवत. घरच्यांनी सांगून ठेवलेलं, ह्या वर्षी नंबर लागला तर जा, नाहीतर शिकणं पुरे.

विभागप्रमुखांनी तिला वीसपैकी नऊ दिले. "जीपवर निबंध? काय वो सर, उद्या टमटमवर लिवतील पोरं. व्याख्या न्हाई, थोरांचे विचार न्हाईत." मार्कांशेजारी मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. मी केली. त्यांनी तिला नीट लिहून आण म्हटलं. तिनं दुकानातून आणला, 'भारतीय स्त्री : काल, आज आणि उद्या', जाडजूड. त्याला अठरा मिळाले. त्यावरही मी सही केली. पेन तेच होतं.

चार दिवसांनी दोन्ही निबंध घेऊन ती स्टाफरूममध्ये आली. विभागप्रमुख माझ्या शेजारच्या खुर्चीत बशीतून चहा पीत होते. तिनं मलाच विचारलं, "सर, पुण्याला कोनता पाठवू?" नेमणुकीचे कागद त्याच आठवड्यात वर जायचे होते. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "ज्याला जास्त मार्क पडले तो पाठव." विभागप्रमुखांनी मान हलवली. मी हजेरीपट उघडला, तेव्हा ती गेली.

पुण्याहून महिन्याभरानं ईमेल आला. निबंध जसाच्या तसा नेटवर सापडला होता, अर्ज बाद. ती तो दाखवायला आली. मी तिच्या फोनवर वाचला, पुन्हा एकदा वाचला, वर बघायचं टाळायला.

"सर, माझा चांगला हाय, हे तुमाला म्हाईत होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग तवा कावून न्हाई सांगितलं?"

विभागप्रमुख त्या दिवशी रजेवर होते. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. तरी तोंड उघडायच्या आधी मी दाराकडं बघून घेतलं. तिनं ते पाहिलं. माझ्या हातातून फोन घेतला आणि उत्तराला न थांबता बाहेर पडली.