मामांची पिवळी पट्टी

भिलाईत सदासर्वदा नीट वागणारा माणूस मी एकच पाहिला आहे, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अर्थात फक्त बैठकीच्या खोलीत, आणि तिथेही पिवळ्या पट्टीच्या अलीकडे.

मामी गेल्यावर पुण्याच्या मुलाने सांगितलं, "बाबा, एक तर इकडे चला, नाही तर घरात कॅमेरा बसू द्या." मामांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, कंट्रोल रूमच्या पडद्यावर तापलेलं लोखंड सरकताना बघण्यात गेली होती. आता पडद्यावर आपण सरकायचं, एवढाच फरक, असा विचार करून त्यांनी कॅमेरा पत्करला. दुसऱ्या दिवसापासून ते घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागले. बीपीची गोळी आधी कॅमेऱ्याला दाखवायची, मग गिळायची, मग खात्रीसाठी आ करून दाखवायचा. बाहेर निघताना कॅमेऱ्यासमोर ताठ उभं राहून ते शिफ्ट सुटताना देतात तसा चार्ज देत, "गॅस बंद, मागचं दार बंद, सिविक सेंटरले चाललो." मुलाने कॅमेऱ्याचा आवाज कधीच बंद केला होता, कारण कुकरच्या शिट्ट्या त्याच्या ऑफिसात ऐकू जायच्या. हे मामांना ठाऊक होतं. पण चार्ज तो चार्ज. कामवाली बाईसुद्धा सोफ्याखालून केर काढू लागली, तेव्हा कॅमेऱ्याचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

पण एवढा चांगुलपणा माणसाने किती दिवस सोसावा? एका सकाळी मामांनी मुलाला फोन लावला आणि बोलत बोलत खोलीभर फिरायला लागले. "मी दिसून राहिलो का? आता? आणि इथं?" मुलाला वाटलं, बाबा नेटवर्क तपासत आहेत. फ्रिजच्या पलीकडे गेल्यावर तो म्हणाला, "आता नाही दिसत." मामा "बरं" म्हणाले आणि संध्याकाळी पावर हाउसच्या बाजारातून पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. प्लांटमध्ये माणसाने कुठून चालायचं ते पिवळी पट्टी आखून ठरवलेलं असतं. पट्टीच्या आत जिवाला धोका नाही. मामांनी फ्रिजपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तशीच पट्टी ओढली. आतल्या कोपऱ्यात मामींची वेताची खुर्ची, शेजारी स्वतःसाठी स्टूल, आणि फ्रिजवर समोशांची पुडी.

पाहुण्यांनाही पट्टी लागू होती. सुनेचं कौतुक बाहेर, बाकीचं आत. मी एकदा सोफ्यावर बसून त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीबद्दल चार शब्द बोलायला लागलो, तर मामांनी हात वर केला. "जावईबापू, आवाज जात नाई, पण तोंड दिसून राहिलं तुमचं. लाइनीच्या आत येऊन बोला." आत गेल्यावर त्यांनी शर्टाची बटणं सोडली आणि समोसा तोडला. मी बीपीची आठवण करून दिली. "तिकडं मी पेशंट आहो," ते म्हणाले, "इकडं नाई."

मग मुलाचा मला फोन आला. "जीजाजी, बाबा रोज संध्याकाळी तासभर गायब असतात. बाहेर गेलेले दिसत नाहीत, आत दिसत नाहीत. पडले-बिडले तर? मी दुसरा कॅमेरा पाठवून राहिलो, त्या कोपऱ्यात लावून द्या ना."

कॅमेरा आला त्याच दिवशी मी खोकं घेऊन मामांकडे गेलो. मागचं दार उघडं होतं. मामा पट्टीच्या आत, स्टुलावर. मामींच्या खुर्चीच्या हातावर चहाचा कप, दुसरा त्यांच्या हातात. खुर्ची रिकामी. "आज पोऱ्याचा फोन नाई आला," ते खुर्चीला सांगत होते, "पण पाहून राहिला असंल. मी निळा शर्ट घातला होता, तू आणलेला."

त्यांना माझी चाहूल लागली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. ते काय आहे हे सांगावं लागलं नाही.

"ते गेली, तुमची मामी, हे मले समजते जावईबापू. डोकं ठिकाणावर आहे माझं. संध्याकाळच्या चहाची सवय आहे, बस. पण त्यानं पाहिलं, तर आधी डॉक्टर अन् मंग पुणं. त्याच्या फ्लॅटात कॅमेऱ्याबिगर कोपराच नाई. हे खुर्ची कुठं ठेवू मी?"

मामांनी खुर्चीवरचा कप उचलून माझ्यापुढे धरला. "घ्या. थंड होऊन राहिला. ते काई घेत नाई." मी जमिनीवर बसून तो चहा प्यायलो.

मुलाला मी कळवलं की त्या भिंतीला ओल आहे, कॅमेरा टिकायचा नाही. आणि काळजी करू नकोस, त्या वेळी मी आणि मामा आत चहा घेत बसलेले असतो. ओल नाही. पण दुसरी गोष्ट तरी खरी व्हावी म्हणून मला आता रोज जावं लागतं. कप तीन असतात. मी अजून जमिनीवरच बसतो.

कधीकधी चहा अर्धा टाकून मामा उठतात, बटणं लावतात आणि पट्टी ओलांडून कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहतात. हात हलवतात, थोडं थांबतात आणि परत येतात. पहिल्यांदा मी विचारलं, कशाला गेला होतात?

"आई तर त्याचीबी गेली ना," मामा म्हणाले. "अन् तो तिथं रिकामी खोली पाहत बसला असंल."