लाल रेषेकडे जाणारा काटा

आमच्या संघटनेची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. चारही चाकांना जोर देणारी, डिझेलची. कर्जत तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांवर चढणारी आमच्याकडे तीच एक गाडी, आणि ती बहुतेक वेळा मीच चालवते. गेल्या उन्हाळ्यात ती तापायला लागली, आणि दर वेळी वाडीच्या चढावरच. दोष रस्त्याचा, हे मी लगेच ठरवून टाकलं. दगड, धूळ, खड्डे, त्याला रस्ता म्हणायचं ते फक्त कागदावर. मी पत्रकात लिहिलं, ‘या रस्त्यावर गाडीचं इंजिन उकळतं, तिथे आजारी माणसाचं काय होत असेल?’ वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या तिन्ही पत्रकांत मी तेच टाकलं.

लोधिवलीच्या बाजूला एका काकांचं गॅरेज आहे. त्यांनी तीनदा गाडी तपासली. पट्टा बदलला, रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप बघितला. आणि तिन्ही वेळा म्हणाले, “गाडी थंडगार हाय गं. तुझंच डोकं तापलेलं असतं.”

मी चिडायचे. पण इंजिन तापलं तर काय करायचं ते त्यांनीच शिकवलं होतं. गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. इंजिन एकदम बंद करायचं नाही, पंखा फिरू द्यायचा. आणि हीटर पूर्ण लावायचा, इंजिनातली उष्णता तेवढीच आत ओढली जाते.

मे महिन्यातली दुपार होती. मी सभा घ्यायला वाडीत पोचले, तर माणसं मांडवात नव्हती, एका घरापुढे गोळा झाली होती. करवंदं काढताना त्या घरातल्या सुनेच्या हाताला फुरसं चावलं होतं. हात कोपरापर्यंत सुजलेला. कुणीतरी तो फळीवर ठेवून सैल बांधला होता, तेवढं शहाणपण होतं. सापाच्या विषावरची लस कर्जतच्या दवाखान्यात. वाडीत फोनला रेंज नाही. नवरा वीटभट्टीवर, दूर. तिला मागच्या बाकावर बसवलं, शेजारी सासू, आणि निघालो.

वाडीतून बाहेर पडायला आधी खिंडीपर्यंत चढावं लागतं, मग उतार. गाडी नुकतीच चढून आलेली, अजून गरम. मी लो गिअर टाकला. इंजिन ओरडत होतं आणि चाकं बैलगाडीच्या वेगाने फिरत होती. पहिल्या वळणावर काटा मधोमध होता. दुसऱ्या वळणावर मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघायला लागले. तो हलताना दिसत नव्हता, पण दर वेळी बघितला की लाल रेषेच्या जवळ गेलेला असायचा.

मी हीटर लावला.

“अगं बाय, आधीच उन्हानं जीव चाललाय, त्यात शेक देतेस?” सासू मागून ओरडली.

“इंजिन तापलंय आजी. ते जाम झालं तर आपण इथंच.”

“मंग दे शेक,” ती म्हणाली, आणि पदराने सुनेला वारा घालायला लागली.

सुनेच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आरशात दिसत होतं. ती हळूच म्हणाली, “ताई, तुझी गाडी माझ्याआधी मरतेय वाटतं.”

मला हसू आलं नाही. थांबले तर विष पुढे जाणार. न थांबता रेटलं आणि इंजिनाचं हेड गेलं, तर तिला झोळीतून न्यायला वाडीत माणसं गोळा करावी लागणार, तोवर किती वेळ? मोर्चात मी तहसीलदारांपुढे न घाबरता बोलले होते. त्या चढावर मी एका काट्याला घाबरत होते.

खिंडीच्या जरा अलीकडे काटा लाल रेषेला टेकला. मी थांबले. इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं. आत सूं सूं आवाज. पाण्याचा कॅन हातात, पण झाकण उघडता येत नाही. इंजिन निवायची वाट बघत उभं राहायचं, एवढंच.

सासू खाली उतरली. जीपच्या समोरच्या जाळीवर आमचा बॅनर बांधलेला होता. ‘रस्ता आमच्या हक्काचा.’ फ्लेक्सचा, जाळीच्या मापाचा, चार कोपऱ्यांना दोऱ्या. ती दोऱ्या सोडायला लागली.

“आजी, बॅनर राहू दे!” मी खेकसले.

“हिच्या डोक्यावर ऊन येतंय. फडकं कशाला हवंय तुला समोर? सावलीला तरी लागेल.”

तिने शेवटची दोरी तोडलीच. फ्लेक्स पंख्याच्या ओढीने जाळीला घट्ट चिकटलेला होता, तिला तो सोलून काढावा लागला. तिने तो सुनेच्या बाजूला आडवा धरला. मी रागाने पुन्हा गाडीत बसले, काट्याकडे बघायला.

काटा उतरत होता. आणि भराभर उतरत होता. मी खाली उतरून जाळीपुढे हात धरला. वारा आत ओढला जात होता. हाताला जाणवला. इतका वेळ तो बॅनरने अडवून धरला होता.

वाडीवर जाताना आम्ही बॅनर जाळीवर बांधतो, लांबून दिसावा म्हणून. रस्त्याची मागणी सुरू झाली तेव्हापासूनची आमची पद्धत ती. आणि गॅरेजच्या वळणावर मी तो दर वेळी सोडून सीटखाली ठेवायचे. काका मोर्चाची टिंगल करतात, ती ऐकायची नव्हती. म्हणून गॅरेजमध्ये गाडी थंड.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. उतार, कळंबचा फाटा, डांबर. काटा मधोमध, तरी मी दर मिनिटाला बघत होते. दवाखान्यात त्यांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. विषाने गोठलंच नव्हतं. लस सुरू झाली. मी भिंतीला टेकून त्या नळीकडेच बघत होते. खिंडीत घालवलेला वेळ मनात पुन्हा पुन्हा मोजत होते.

सहा तासांनी पुन्हा नळी. या वेळी तिरकी केली तरी रक्त जागचं हललं नाही. “गोठलंय. लस लागू पडली,” नर्स म्हणाली. सासू तिथेच फरशीवर बसली. तिने कमरेला खोचलेला फ्लेक्स काढून माझ्या हातात दिला. “घे तुझं फडकं. सावली बरी देतंय.”

रस्ता अजून झालेला नाही. त्याची चीड तेवढीच आहे, पत्रकंही निघतात. ते उकळत्या इंजिनाचं वाक्य मात्र मी काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून सगळं सांगितलं.

“आणि माझ्याकडे येताना बॅनर काढून ठेवायचीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“का?”

“तुम्ही चिडवाल म्हणून.”

मी वाट बघत राहिले. आता चिडवतील, मग मलाही भांडता येईल. ते म्हणाले, “पोरगी कशी हाय?”