मावशींची उजवी नडगी

मी जीवशास्त्र शिकवते आणि माझा आवाज खालच्या जिन्यापर्यंत जातो, हे आधीच सांगून टाकते. रुग्णसेविकांच्या आमच्या वर्गात सगळ्या विशीतल्या पोरी, आणि पहिल्या बाकावर मावशी. पन्नाशी उलटलेली, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात कामाला. तिथल्या इस्पितळात नोकरी लागली की राहायला खोली मिळते, म्हणजे मुलाजवळ राहता येईल, एवढ्यासाठी मावशींनी या वयात पुस्तक हातात घेतलेलं. हे साऱ्या वर्गाला बरगड्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

माझी तोंडी परीक्षा म्हणजे हाडांची कापडी पिशवी. न बघता हात घालायचा, हाड चाचपायचं, नाव सांगायचं आणि बाजूही. मावशी हाडाचं नाव बरोबर सांगायच्या, बाजू हमखास उलटी.

"नडगी. उजवी."

"डावी आहे हो, मावशी. किती डोकेफोड करू मी?"

"मुलाचा पाय मोडला होता ना, बाई. समोर बसून तेल चोळायचे. माझ्या उजव्या हाताला यायचा तो."

"तुमचा हात राहू दे बाजूला. हाड ज्याचं, बाजू त्याची. त्याच्या जागी बसून बघा."

मावशींनी हाड बाकावर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी येणार, असं त्याला सांगत आलेय, बाई. येऊ का, हे कधी विचारलंच नाही."

पोरी खुसखुसल्या, त्यांना मी डोळे वटारले. मावशी फोन घेऊन बाहेर गेल्या. दार उघडंच होतं.

"मी आलेली चालेल का रे तुला?" मग बराच वेळ नुसतं हं, हं. शेवटी, "बरं. जेवत जा वेळेवर."

आत येऊन त्यांनी चष्मा पुसला. "नको म्हणतो. त्याचं आता वेगळं बस्तान बसलंय. चिडून नाही हो, अगदी नीट म्हणाला." मग म्हणाल्या, "त्या खोलीत का होईना, मला तो पुन्हा माझ्या घरात वावरताना हवा होता, बाई. दुसरं काही नको होतं. आता नापास केलंत तरी चालेल."

मला रागच आला, कुणाचा ते कळेना. तास संपल्याची घंटा झाली, पोरी भुर्रकन पांगल्या. मावशी बसूनच.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं, मला जमेल तेवढ्या हळू आवाजात.

"जाते हो," त्या म्हणाल्या. "आता कुठे घाई आहे."