सही पुसलेलं मुखपृष्ठ

नव्वदच्या दशकात सांगलीत एका प्रकाशकाकडे आगामी पुस्तकांच्या जाहिराती लिहायचं काम मी करायचो. एका अद्भुत कादंबरीची जाहिरात मी न वाचताच ठोकून दिली होती: ‘पाताळातल्या रक्तपिपासू नागाचा थरार!’

मुखपृष्ठं रंगवायला शिराळ्याचा एक पेंटर यायचा. एरवी तो दुकानांच्या पाट्या करायचा. कानावर ब्रश खोचलेला, बोलणं अगदी हळू. कादंबरीचं हस्तलिखित त्यानं घरी नेऊन दोनदा वाचलं आणि चित्र आणलं: विहिरीत पडलेल्या पोरीवर फणा धरून बसलेला नाग.

“असलं देवळातलं चित्र बघून पुस्तक कोण उचलणार?” मी खेकसलो. “डोळे लाल करा. दातांतून रक्त गळू दे.”

“आवं, ह्या गोष्टीत नाग कुणालाच चावत न्हाई. तुमी वाचलंय न्हवं?”

“वाचलंय की!” मी आवाज चढवून खोटं बोललो.

त्यानं तिथंच बसून रक्त रंगवलं. मग ओल्या फडक्यानं कोपऱ्यातली स्वतःची सही पुसली.

“आमच्याकडं बाया नागाला भाऊ मानून उपास धरत्यात. माजी आय बी धरती. हे चित्र माजं हाय म्हणून तिला कसं दावू?”

तो पुन्हा आला नाही. पुस्तक छापून आल्यावर मी ते वाचलं. नाग खरंच कुणाला चावत नाही.

पण तोवर आतल्या पानावर, ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढची जागा रिकामी दिसू नये म्हणून, मी माझंच नाव टाकलं होतं.