सर्व्हर माझा, संशय त्यांच्यावर

मी मुळात संशयी आहे. रिक्षा जरा आडरस्त्याला लागली की मी मोबाइलवर नकाशा उघडून बसते आणि दूध समोर मापून घेतल्याशिवाय भांडं उचलत नाही. विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून बदली होऊन जयपूरला आल्यावर हा गुण आणखी फोफावला. आमच्या साताऱ्याकडे माणूस चिडला की चिडलेला दिसतो. इथे सगळेच ‘जी’ लावून बोलतात, त्यामुळे कुणाच्या पोटात काय आहे ते मला कळत नसे.

आमच्या प्रशिक्षण केंद्रात चाळीस कॉम्प्युटर होते आणि त्या सगळ्यांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती. हे काम आतापर्यंत एकच माणूस करत आला होता. कंत्राटावरचे टेक्निशियन, साठीला टेकलेले, रोज सांगानेरहून बसने येणारे. त्यांच्या घरी ठशांच्या छपाईचं काम चाले. छपाईत बिघडलेल्या कापडाची झाकणं शिवून त्यांनी चाळीसही मशीनांना घातली होती, धुळीसाठी. त्यांची पद्धत पेनड्राइव्हची. एका मशीनला लावायचा, संपेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायचं, मग पुढचं मशीन. तीन आठवडे लागत.

मी ते एका दुपारचं काम करायचं ठरवलं. पडून असलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि चाळीसही मशीनांना शिकवलं की सुरू होताना आधी नेटवर्कवर विचारायचं, कुणी काही देणार आहे का. सर्व्हर ‘हो’ म्हणाला की पडद्यावर माझा मेन्यू येई, दहा आकडे उलटे मोजले जात, आणि मशीन पार पुसून त्यावर नवी सिस्टिम चढे. कुणी बटणसुद्धा दाबायला नको. सर्व्हर काही बोललाच नाही, तर मशीन आपल्या आपल्या डिस्कवरून सुरू होई.

चाळीसच्या चाळीस संध्याकाळपर्यंत तयार झाली. टेक्निशियन दारात उभे राहून पाहत होते. “बहुत बढ़िया, मैडम,” म्हणाले. मला ते बढ़िया काही खरं वाटलं नाही. ज्याचं तीन आठवड्यांचं काम मी एका दुपारी संपवलं, तो मनापासून कशाला कौतुक करेल?

पंधरा दिवसांनी सात नंबरचं मशीन रिकामं सापडलं. प्रशिक्षणार्थींच्या फायली, सगळा सराव, काही शिल्लक नव्हतं. मग बारा नंबर. आणि मग एकोणीस, तेही चाचणीच्या दिवशी. मशीन अडकलं म्हणून चाकसूहून रोज येणाऱ्या एका मुलीने ते बंद करून पुन्हा सुरू केलं, तर तिची अर्धी सोडवलेली चाचणी गायब. ती तिथेच रडायला लागली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी टेक्निशियनांकडे.

सर्व्हरवरची ती व्यवस्था मी पहिल्याच संध्याकाळी बंद केली होती. म्हणजे हात माणसाचाच, आणि कारण असलेला माणूस एकच. मनातल्या मनात मी त्यांना ‘तो’ म्हणू लागले.

त्याच आठवड्यात ते माझ्या केबिनमध्ये आले. “मैडम, वो सर्वर के बारे में एक बात थी...”

“सर्वर मेरा काम है,” मी तोडलं. “आप मशीनें देखिए.”

ते मान हलवून गेले. सर्व्हरबद्दल आतली माहिती काढायला आला होता, अशी मी खूणगाठ बांधली.

त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी एके दिवशी नऊलाच ऑफिसात पोचले. खोलीत ते एकटेच होते. एका मशीनसमोर वाकून, सिस्टिम सुरू व्हायच्या आधी दिसतो त्या निळ्या पडद्यात काहीतरी बदलत होते. मला बघून दचकले. मग चहा आणायला गेले तेव्हा टेबलावर त्यांची छोटी वही उघडीच राहिली होती. पानावर मशीनांचे नंबर. काहींपुढे बरोबरची खूण. सात, बारा आणि एकोणीस या तिन्ही नंबरांभोवती मात्र पेनाने गोल केलेले. मी फोटो काढला.

घरी जेवताना हे सगळं सांगितलं. लेकीने, जिचं मराठी जयपूरच्या शाळेत निम्मं झालंय, विचारलं, “आई, पण तू खुद बघितलंस का? मतलब, पुसताना?”

“वहीत लिहिलंय त्याने,” मी म्हणाले आणि तिला आणखी भाजी वाढली.

महिनाअखेरीला त्यांच्या कंत्राटाचं नूतनीकरण होतं. अठरा वर्षं ते दरवर्षी आपोआप होत आलं होतं. केंद्रप्रमुखांनी माझं ऐकून घेतलं, फोटो पाहिला आणि म्हणाले, “लिखित में दे दीजिए.” मी दिलं. पाऊण पान, मुद्देसूद. सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना कळवण्यात आलं. शनिवारी त्यांनी सगळी झाकणं घरून धुऊन आणून पुन्हा घातली, ‘अच्छा मैडम’ म्हणाले आणि बस पकडायला गेले. कशासाठी काढलं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते मला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

सोमवारी खोली मीच उघडली. या केंद्राची जुनी शिस्त अशी की संध्याकाळी निघताना मेन स्विच खाली करायचा. जयपूरच्या उन्हाळ्यात तारा तापून आग लागायची भीती. सकाळी आल्यावर तो वर करायचा. मी केला. मग निवांत चहा घेतला आणि एकेक मशीन सुरू करायला लागले. पहिलं नीट सुरू झालं. दुसरंही. तिसऱ्याच्या पडद्यावर माझा मेन्यू आला.

मीच टाइप केलेल्या ओळी. दहा, नऊ, आठ. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आकडे शून्यावर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत मशीन पुसलं जायला लागलं.

मी आधी ज्या ऑफिसात होते तिथे सर्व्हर वर्षानुवर्षं बंद होत नसे. म्हणून मी ती व्यवस्था नुसती थांबवली होती. सर्व्हर पुन्हा सुरू होताना तिने आपणहून उठू नये, हे सांगायचं राहिलं होतं. इथे तो रोज संध्याकाळी बंद पडत होता आणि रोज सकाळी सगळ्यांबरोबर उठत होता. उठायला त्याला चार-पाच मिनिटं लागत. टेक्निशियन मेन वर करून लगेच सगळी मशीनं चालू करत, म्हणून सकाळी ती वाचत. दिवसा कुणी मशीन बंद करून सुरू केलं, की ते गेलं. मेन स्विच मी रोज पाहत होते. माझ्या डोक्यात आलं नाही.

मी फोनमधला तो फोटो उघडला आणि एकेक मशीनचा निळा पडदा तपासत गेले. वहीत बरोबरची खूण असलेल्या सगळ्या मशीनांवर, आणि फोटोनंतरच्या काहींवर, अशा सव्वीस मशीनांवर सुरू होण्याचा क्रम बदललेला होता. आधी स्वतःची डिस्क, मग नेटवर्क. ती सव्वीस आता कधीच पुसली जाणार नव्हती. ‘मशीनें देखिए’ म्हणाले होते मी. सर्व्हरला हात न लावता ते रोज दोन-तीन मशीनं वाचवत होते, आणि सात, बारा, एकोणीस ही त्यांच्या हातून निसटलेली.

स्वतःची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती.

त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी चूक माझीच असल्याचं. प्रमुखांनी ते वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. आठवडाभराने टेक्निशियन परत आले. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. “कोई बात नहीं, मैडम,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला पोचले तर ते बंद दाराबाहेर उभे होते. किल्ली त्यांच्या हातात होती. “अंदर क्यों नहीं गए?” मी विचारलं.

“आप आ जाइए, फिर चलते हैं.”

तेव्हापासून मी नऊला जाते. ते दार उघडतात, पण आधी मला आत जाऊ देतात. मशीन सुरू करण्यापूर्वी माझं लक्ष आहे ना, हे पाहून घेतात. मी सांगितलं, की याची काही गरज नाही. ते हसून म्हणाले, “नहीं मैडम, आप सामने रहिए. अच्छा रहता है.”