पितृपक्षातलं घर

घर मी पितृपक्षात घेतलं. चुकून नाही, ठरवून.

आई गेल्यावर विठ्ठलवाडीची तिची चाळीतली खोली माझ्याकडे आली, कारण तिला मी एकटीच. ती विकायला दोन वर्षं गेली. पैसे हातात यायच्या आधीच मोठ्या दिरांनी त्यांची वाट ठरवून टाकली होती. बदलापूरला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तिथे एक फ्लॅट घ्यायचा, अर्थात त्यांच्या नावावर. "घरातले पैसे घरातच राहतील," म्हणाले.

आदल्या वर्षी अंबरनाथला, सासरच्या घरात, मी आईचं पान वाढू का म्हणून विचारलं होतं. तेव्हा हेच दीर म्हणाले होते, "सुनेच्या माहेरचे पितर या घरात जेवत नाहीत. आणि लेकीने वाढलेल्या पानाला कावळा शिवत नाही." म्हणजे आईला भात नाही, पण आईचे पैसे चालतील. माझं डोकं फिरलं ते तेव्हा.

मला समुद्राजवळ घर हवं होतं, अलिबागच्या पुढे, आईच्या माहेरच्या बाजूला. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं किनाऱ्यावर यायला लागली होती. त्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या, जेवणाची सोय करायची, आणि दारावरची पाटी माझ्या नावाची. एवढा एकच हट्ट मी आयुष्यात केला.

श्रावणात तसं घर सापडलं. ओटा, दोन खोल्या, चार नारळ आणि मे महिन्यातही गोडं पाणी देणारी विहीर. मालक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मुलांपाठोपाठ इस्रायलला निघालेले. पण मुंबईचं एक गिऱ्हाईक आधीच बघून गेलं होतं आणि घटस्थापनेला इसार द्यायला येणार होतं. नवरा म्हणाला, "आपणही नवरात्रातच बघू. आता गणपती आले, मग पितृपंधरवडा लागतोय." मीही मान डोलावली. इतक्या वर्षांची सवय होती.

मला जागं केलं उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याने. त्याच्या दुकानातून मी शिवायला परकर आणायचे. पितृपक्षात बाजार थंड, कुणी नवं कापड घेत नव्हतं आणि हा गडी गोदाम भरत बसला होता. मी विचारलं तर हसला. "भाभी, जब सब रुकते हैं ना, तभी माल उठाने का. दसऱ्याला काय, सगळेच शहाणे होतात!"

घरी आले आणि सांगितलं, येत्या शुक्रवारी इसार देणार.

"पितृपक्षात घर?" दीर ओरडले. "पितरांचा कोप ओढवून घ्यायचाय?"

"पितर माझेच आहेत ना? ते कशाला माझं वाईट करतील? त्याला जिवंत माणसं काय कमी आहेत?"

घरात असं मी कधी बोलले नव्हते. पण बरं वाटलं.

नवऱ्याच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. त्याला म्हटलं, "येताय का? नाहीतर मी एकटी जाते." तो आला. निघताना मोठ्या भावाकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

मालक म्हणाले, "शनिवार सोडला तर आम्हाला सगळे दिवस सारखे. दिवस मावळायच्या आत उरकू या, मग आमचा शनिवार लागतो." उन्हं होती तोवर कागद झाला. उठता उठता त्यांनी विचारलं, "घटस्थापनेला ते मुंबईवाले येतील, त्यांना काय सांगू?"

"सांगा, खोल्या भाड्याने मिळतील. जेवण वेगळं."

पुढच्या मे महिन्यात मोठे दीर सहकुटुंब चार दिवस राहून गेले. हवा छान आहे म्हणाले. मी भाडं मागितलं नाही, पण पाटी रोज पुसायला त्यांच्यासमोरच बसत होते.

खोल्या मी वर्षभर देते, फक्त सर्वपित्रीला नाही. पहिल्या वर्षी त्या दिवशी पहाटेच उठले. वडे, तांदळाची खीर, आईला आवडायची ती काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं केळीच्या पानावर वाढून कुंपणाच्या गडग्यावर ठेवलं. दिरांचं बोलणं आठवलं. नाहीच शिवला तर?

"जेव आई," म्हटलं, "हे माझं घर आहे."

मी मागे सरायचीही वाट न बघता कावळा पानावर उतरला.